पितळी पट्टी आणि खडूची पाटी

एका राज्यात प्रत्येक वेशीला एक ब्रीद होतं, आणि ते ब्रीद कुणालाच वाचता येत नव्हतं. ब्रीद लॅटिनमध्येच कोरायचं, असा पूर्वापार रिवाज. लॅटिन येणारी माणसं केव्हाच देवाघरी गेली होती, तरी येणारा-जाणारा ब्रीदाच्या पट्टीला हात जोडी, सणावाराला हळदकुंकू वाही. न कळणाऱ्या गोष्टीपुढे मान आपोआप लवते.

पूर्वेच्या वेशीत उजव्या भिंतीवर पितळेची पट्टी होती. तिच्यावर कोरलं होतं, 'एस्से क्वाम विदेरी'. बरोब्बर समोर, डाव्या भिंतीवर, खुंटीला एक दगडी पाटी टांगलेली असे. वेशीलगत राहणाऱ्या द्वारकाकाकूंचा नेम होता. सकाळी आंघोळ झाली की पाटी पुसायची आणि खडूने त्या ब्रीदाचा अर्थ लिहायचा, 'दिसण्याहून असणं मोठं.' 'एस्से' म्हणजे असणं, 'विदेरी' म्हणजे दिसणं, एवढं त्यांना सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी. घेतला नेम टाकायचा नाही, हे मात्र कुणी सांगावं लागलं नव्हतं.

लोक पट्टीला नमस्कार करत आणि वळून पाटीपाशी थांबत. एकदा दोन जावा भांडत आल्या. थोरली म्हणाली, "वाच, वाच! तुझ्यासाठीच लिहिलंय."

धाकटी म्हणाली, "आधी तुम्ही वाचा, जाऊबाई. मान तुमचा!"

आणि दोघींनाही हसू फुटलं.

पट्टी समोरून बघत होती. नमस्कार आपल्याला आणि हसू हिला?

"खडूचं लिखाण तुझं," ती पाटीला म्हणाली. "ओला बोळा फिरला की संपलीस."

"संपते खरी. काकू पुन्हा लिहितात."

"माझ्यामुळे लिहितात!"

"तेही खरंच गं बाई."

भांडायला आलेल्याला असं उत्तर मिळालं की जास्तच झोंबतं.

त्या दिवसापासून पट्टी मत्सराने काळवंडू लागली. पहारेकरी भिवाजीने घाबरून चिंच आणि राख घेतली नि तिला घासून काढली. पट्टी लखलखली. चार डोळे तिच्याकडे वळले, तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पाटीपाशी गर्दी दिसली, की ती पुन्हा काळी. पुन्हा चिंच, पुन्हा राख. अशी वर्षं गेली. आधी 'एस्से' झिजलं, मग 'क्वाम'. 'विदेरी' तेवढं बरेच दिवस तग धरून होतं. एके सकाळी तेही गेलं. पट्टी आरशासारखी गुळगुळीत झाली.

"काकू, घात झाला!" भिवाजी ओरडला. "उद्या कारभारी यायचेत!"

राजाचा कारभारी दर तीन वर्षांनी वेशी तपासायला येई. जिच्यावर अक्षर नाही ती पट्टी भट्टीत जाई. कोरलेलं पुन्हा कोरायची मुभा नव्हती.

"घाबरू नका हो भिवाजी," काकू म्हणाल्या. "देव काही सुचवील."

पट्टी मात्र विझल्यासारखी झाली. पाटीला म्हणाली, "तुझं बरं झालं. उद्यापासून वेस तुझी."

"तू गेलीस तर मी कशाचा अर्थ गं?" पाटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी रोजच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत, खडू दाबून, तेच तीन शब्द लिहिले. पाटी खुंटीवर जराशी कलली. पूर्वेचं ऊन वेशीतून आत आलं आणि तिच्यावर पडलं.

कारभारी आला. पाटीकडे पाठ करून पट्टीसमोर, जरा बाजूला उभा राहिला. तिच्यात अक्षरं होती, पांढरीशुभ्र, एकही ओळखीचं नाही, आरशात दिसावीत तशी उजवीकडून डावीकडे चाललेली.

"हेच का इथलं ब्रीद?" त्याने विचारलं.

"हेच," काकू म्हणाल्या. "पहिल्यापासूनचं."

कारभाऱ्याने जोडे काढले आणि हात जोडले.

वेशीतून वारा सुटला. पट्टी एका खिळ्यावर सैल होती, नेहमी खडखडायची. आज ती हलली नाही. काठोकाठ भरलेली घागर डोईवर घेतलेल्या बाईसारखी ती श्वास धरून राहिली, आपल्यातली अक्षरं हिंदकळू नयेत म्हणून.