पाच प्रतींत अहवाल

एका तालुका कचेरीत निंबकर नावाचे साहेब होते. रोज एखादा हुकूम काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. एकदा त्यांनी ‘कागद वाचवा’ असा हुकूम छापून टेबलाटेबलावर वाटला. खाली दमही भरला होता: ‘आज किती कागद वाचवले, त्याचा अहवाल संध्याकाळपर्यंत पाच प्रतींत द्या, नाहीतर बदली!’

आवक-जावक सांभाळणाऱ्या घोलपबाईंनी त्याच हुकुमाच्या कोऱ्या पाठीवर लिहून दिलं, ‘पाच कागद वाचवले.’

“आणि अहवालाच्या पाच प्रती कुठं आहेत?” साहेब गरजले.

“त्याच तर वाचवल्या, साहेब!”

बदलीचा हुकूम लिहायला साहेबांनी तावातावानं पेन उघडलं. पण तोही पाच प्रतींतच काढावा लागणार, हे ध्यानात आलं आणि त्यांनी मुकाट्यानं टोपण लावलं.