भिजलेला जामा

मोगलांनी घाटावरची गावं जिंकली आणि नवा सुभेदार थाटात दौऱ्यावर निघाला. भाल्यांच्या धाकानं गावोगावी त्याच्यावर फुलं उधळली जात. त्याचा दुभाषी नारोपंत मात्र मान खाली घालून मागे चाले.

पिंपळदरीच्या वेशीवर देशमुखीण चिमाबाईंनी रिवाजाप्रमाणे सुभेदारावर भरभरून गुलाबपाणी शिंपडलं. त्यांचा नवरा आणि गावातले कितीतरी कर्ते पुरुष गढीत कैद होते.

सुभेदार खुशीत येऊन सगळ्यांदेखत चिमाबाईंना म्हणाला, "या गावाची माझ्यावर माया आहे का? खरं सांगितलंस तर कैदी सोडतो. खोटं बोललीस तर गाव जाळतो."

हे मराठीत सांगताना नारोपंताची जीभ अडखळली. "आहे" म्हणणं खोटं होतं, आणि "नाही" म्हणणं म्हणजे बंड होतं.

चिमाबाई शांतपणे म्हणाल्या, "सरकार, मायेच्या माणसांत कुणी चिलखत घालून येतं का? माझ्या प्रश्नाचं जे उत्तर, तेच आपल्याही."

नारोपंतानं एक शब्दही न गाळता ते सुभेदाराला सांगितलं.

सगळ्यांच्या नजरा सुभेदाराकडे वळल्या. त्याचा मलमलीचा जामा गुलाबपाण्यानं भिजून अंगाला चिकटला होता आणि त्यातून आतल्या चिलखताच्या पोलादी कड्या स्वच्छ दिसत होत्या. चिमाबाईंना खोटं ठरवायचं, तर त्या गर्दीत चिलखत उतरवावं लागणार होतं. सुभेदाराचा हात छातीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"कैद्यांना सोडा," तो पुटपुटला.

नारोपंतानं तो हुकूम मोठ्यानं सांगितला आणि साऱ्या लवाजम्यासमोर चिमाबाईंना वाकून मुजरा केला.