ठमाक्काची तिरकी नाव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. धोंडगावच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता. आजही नाही. दोन काठांवरच्या दोन वडांना वाखाचा मनगटाएवढा दोर बांधलेला असे. त्याला नाव पुढून-मागून दोन दोरांनी अडकवलेली, आणि सहा गडी नावेत उभे राहून मोठा दोर हातांनी ओढत तिला पार नेत. रावजी भोई त्यांचा म्होरक्या. त्याच्या हाकेनं पैलतीरावरची कुत्री उठत, असं म्हणतात.

त्याच्या घरात ठमा सून म्हणून आली. महिनाभर ती कोणाशी बोलली नाही. घाटावर भांडी घाशी आणि पाण्याकडे बघे. नव्या सुनेला दुसरं बघायला असतं तरी काय?

श्रावणात नदी फुगली. ठमाची नणंद काशी बाळंतपणाला आलेली, ती दोन दिवस अडलेली. सुईण पैलतीरावर. सहा गड्यांनी दोर ओढला, हातांची सालं निघाली, पण नाव काठावरून हातभर हलेना.

ठमा पदर खोचून पाण्यापाशी आली.

"मामंजी, ओढू नका. म्हस काय सरळ पार जाते का? तिरकी होते नि पाण्यालाच ढकलायला लावते. नावेचा पुढचा दोर आखूड करा, मागचा सैल सोडा."

"घ्या! काल आली नि आज नदी शिकवायला लागली!"

तेवढ्यात घरातून काशीची किंकाळी आली. रावजीचं तोंड मिटलं.

ठमानं नावेत चढून स्वतःच गाठ मारली. नावेचं नाक तिरकं वळलं, दोर ताणून गुणगुणला, आणि नाव चालू लागली. दोराला कोणाचा हात नाही! गडी हातांची घडी घालून बसले. त्यांना दुसरं काही सुचेना. येताना ठमानं गाठी उलट केल्या. सुईण आली ती निऱ्यासुद्धा न भिजता, असं म्हणतात. नदीनंच तिला मांडीवर घेऊन आणलं, असंही म्हणतात. काशी वाचली, मुलगी झाली, आणि तिचं पहिलं रडणं ऐकून पूर दोन पायऱ्या उतरला.

ठमाक्का पुढं चाळीस वर्षं नाव चालवत होती. आता वाखाच्या जागी लोखंडी तार आली, वडांच्या जागी खांब. पण धोंडगावची नवी सून पहिल्यांदा नदी पार करते, तेव्हा पुढचा दोर तीच आखूड करते. पुरुषांनी हातांची घडी घालून बसायचं, आणि नाव काठाला लागेपर्यंत एक शब्द सल्ला द्यायचा नाही.

गेल्या वैशाखात मी गाठ मारली. सासरे अख्खी नदी गप्प बसले होते. बाकीचं असं म्हणतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.