अर्ध्या कोरीची हलगी

"आवाजाचं सोडा हो, ती एकदा वर आली की पायऱ्या कोण धुणार?"

गडाच्या दरवाज्यावरच्या नगारखान्यात झांज हे सनईला सांगत होती. खाली, दरवाज्याबाहेर खुंटीला टांगलेल्या नव्या हलगीला ते ऐकू जावं असा तिचा मुळीच हेतू नव्हता. पण झांजेला हळू बोलता येत नसे.

त्या राज्यात वाद्यं नांदत होती, आणि कुणी कुठे राहायचं हे आवाजावर नव्हे, पायऱ्यांवर ठरे. नगारखान्याला अकरा पायऱ्या होत्या. राणी नौबत, सनई, झांज वर; हलग्या बाहेर, तटाच्या खुंट्यांवर. लढाईला निघताना हलग्या सगळ्यांच्या पुढे चालत. परतताना दरवाज्याशी थांबत.

नव्या हलगीचं कातडं गेल्याच महिन्यात गोल कड्यावर चढलं होतं; त्यांच्यात लग्न म्हणतात ते हेच. कडं अबोल होतं, तीही अबोल, त्यामुळे संसार बरा चालला होता. दिवसभर ती बघत राही. तिला एकच कोडं पडलं होतं. तिच्या कातड्याच्या काठाला एक वण होता, चंद्रकोरीसारखा. पण कोर निम्म्यातच कापली गेली होती.

"ज्या म्हशीचं हे कातडं, तिला शिंग लागलं असंल," शेजारच्या खुंटीवरची तिची सासू, थोरली हलगी, म्हणाली होती. "कापताना निम्मा वण तुझ्याकडं आला."

"आणि उरलेला, आत्याबाई?"

"नवी नवरी एवढं इचारत नसती."

याच सुमारास समुद्रापलीकडून पितळी बिगुल आले होते. आधी त्यांनी अंगणात घसा साफ करण्यापुरती जागा मागितली. मग एकेका गडाला आपल्या सुरात बोलायला लावलं. आता त्यांचा कायदा होता: ज्या गडाची नौबत सकाळ-संध्याकाळ वाजणार नाही तो गड बेवारस, आणि बेवारस ते बिगुलांचं. माळावर तळ देऊन ते रोज कान लावून बसत. आणि नेमक्या आजच नौबतीच्या ताणाच्या दोऱ्या तुटल्या होत्या. त्या नव्याने आवळणारे हात नदीपलीकडे. जाऊन यायला तीन दिवस. तोवर नौबतीच्या जागी कुणाला तरी वाजायला हवं होतं, नाव हलगीचं निघालं होतं, आणि झांजेला पायऱ्यांची काळजी पडली होती.

नव्या हलगीने विचारलं, "आत्याबाई, आपल्याला नौबतीगत आवाज काढता येतो का?"

"येतो की. निखाऱ्यावर पार तापायचं, मग दगडी कोनाड्यात बसून बोलायचं. पण तेवढ्या तावात दोन दिस निघत्यात. तिसऱ्या दिशी माझ्या भणीचं कातडं तडकलं. तुला कशाला नसती उठाठेव? गड त्यांचा हाय."

"बिगुल आत आले तर खुंट्या तरी राहतील का? आणि मला वर काय आहे ते बघायचंय."

ती खुंटीवरून उतरली आणि कड्यावर तोल सावरत एकेक पायरी चढली. प्रत्येक पायरीगणिक झांज अंग चोरत गेली.

नौबत तेव्हा मागच्या दाराने गडगडत निघाली होती. तिच्या अंगावरची मखमली झूल कधी कुणी काढलेली पाहिली नव्हती. उंबऱ्याला अडकून ती झूल क्षणभर सरकली. हलगीने नौबतीचा उघडा पडलेला काठ पाहिला. मग शेगडीतल्या निखाऱ्यांवर तोंड धरून ती तापत राहिली.

पहिला दिवस निभावला. कोनाडा असा घुमला की बिगुलांनी नेहमीची नोंद घेतली: नौबत हजर.

दुसऱ्या संध्याकाळी मात्र चूक झाली. नौबतीची संथ चाल संपवताना सवयीने हलगीच्या तोंडून शेवटी तटाबाहेरचा तोडा निघून गेला. आणि हलग्यांची रीतच अशी की एकीने तो तोडा घेतला की दुसरीला गप्प राहता येत नाही. खुंट्यांवरच्या सगळ्याजणी कडाडून उठल्या. थोरली सगळ्यांत जोरात.

एक बिगुल तरातरा दरवाज्याशी आला. "हा कुठला आवाज? आमच्या यादीत नाही."

वेळ मारून न्यायला झांजेने तोंड उघडलं. "ती होय? ती आमची खास पलटण. आजवर दाखवली नव्हती."

बिगुलांनी तळ कोसभर मागे हलवला. झांज बराच वेळ आपल्याच बोलण्याकडे संशयाने बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळची नौबत झाली. संध्याकाळी तापताना हलगीला काठाशी बारीक चटका बसला. थांबली असती तर कातडं वाचलं असतं. ती कोनाड्यात जाऊन बसली. शेवटच्या ठोक्याला वणापासून थेट मध्यापर्यंत चीर गेली. पण तो ठोका माळापर्यंत पोचला.

चौथ्या सकाळी नौबत परतली, टणक आवळलेली, मागे तीन गडांचे ढोल घेऊन. दुपारपर्यंत माळ रिकामा झाला.

संध्याकाळी तुणतुण्याने पोवाडा रचून आणला. राणी नौबत जागची न हलता तीन दिवस कशी गर्जली, ते त्यात खुलवून सांगितलं होतं. सनईने डोळे मिटून दाद दिली. झांज पाण्याची घागर घेऊन पायऱ्यांशी उभी होती.

"झालं ना बाई तुझं काम? उतर आता. आम्हाला धुवायच्यात."

हलगीने नौबतीकडे पाहिलं. नौबतीने झूल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली.

आवाज आता फाटला होता. पण त्या खोलीत हलगी पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात बोलत होती.

"धुवा की. पण त्याआधी बाईसाहेबांची झूल काढा, आणि मला त्यांच्या काठाला लावून बघा. निम्मी कोर माझ्याकडं आहे."