ठाऊक असलेलं पान

एका डोंगराळ गावात एक दवाखाना होता आणि त्या दवाखान्यात एक मदतनीस बाई होती. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे सहा दिवस गाव हिच्याच जिवावर. बारा वर्षं तिनं जखमा धुतल्या, ताप मोजले, बाळंतिणींच्या उशाशी बसून राहिली, पण हातात प्रमाणपत्र नव्हतं. गाव तरी तिला सिस्टर म्हणायचं. गावाला कागद लागत नाही, सरकारला लागतो.

शहरातली परिचर्येची शाळा लांबच्या लोकांना टपालानं धडे पाठवायची आणि वर्षातून एकदा परीक्षा घ्यायची. सिस्टर दोनदा बसली, दोनदा नापास झाली. तिसरी वेळ शेवटची. यंदा गाडी अडली तर तिच्या जागी दुसरी कुणी येणार आणि हिनं घरी बसायचं, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. वाईट त्यांनाही वाटलं, पण नियमापुढे तेही काय करणार.

आता तुम्ही विचाराल, शाळेचे धडे होते ना? होते की. पिवळट कागद, बारीक अक्षर, चित्राचा पत्ता नाही. फीमध्येच आलेले, म्हणून सिस्टरनं सुतळी न सोडता गठ्ठा फळीवर टाकला होता. जवळजवळ फुकट मिळालेल्या वस्तूत काय दम असणार, असं आपल्यालाही वाटतंच.

आठवड्याच्या बाजारात एक पुस्तकवाला बसला होता. त्याच्याकडे लाल, गुळगुळीत पुस्तक होतं आणि वर ठळक लिहिलं होतं, हमखास पास. दमलेलं गिऱ्हाईक असल्या लोकांना लांबून ओळखू येतं. तो म्हणाला, "बाई, एवढे धडे कशाला वाचता? ही चाळीस पानं पाठ करा, बाकी माझ्यावर सोडा."

पी हळद अन् हो गोरी! पण मी तिला हसणार नाही. त्या दिवशी तिनं दोन बाळंतपणं केली होती, पाय भरून आले होते. दमलेला माणूस पारखत बसत नाही, सुटका शोधतो. एकही पान न उघडता तिनं सणाच्या लुगड्यासाठी ठेवलेले पैसे त्याच्या हातावर ठेवले.

मग रोज दुपारी, रोगी गेले की, बाकावर बसून पाठांतर. डोळे मिटायचे, तोंड चालू राहायचं. आपल्या हाताला जे येतं त्यापेक्षा छापलेलं मोठं, असा तिचा भाबडा समज होता.

एके दिवशी कुंभाराची सून जुलाबानं मलूल झालेलं पोर घेऊन आली. सिस्टरनं साखर-मिठाचं पाणी करून त्याला घोट घोट पाजलं. पोरानं डोळे उघडले. घरी कसं करायचं ते तिनं सवयीनं सांगितलं, "एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे मीठ, अर्धा चमचा साखर."

सून दारातच थांबली. "सिस्टर, थोरल्याच्या वेळी तुम्ही उलटं सांगितलं होतं. सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आत्ताही तुम्ही तसंच केलंत, मी बघत होते."

सिस्टरच्या ध्यानात आलं. हात बरोबर चालला होता, तोंड लाल पुस्तकातलं बोललं होतं. "तुझंच बरोबर आहे," ती म्हणाली, आणि सुनेकडून तिनं ते तीनदा म्हणवून घेतलं. सून गेल्यावर मात्र ती बाकावर बसून रडली. एवढ्या मिठानं ते पोर हाती लागलं नसतं, हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

डोळे पुसून तिनं लाल पुस्तकातली, ज्यातलं काम तिच्या हाताला पक्कं येत होतं अशी पाच पानं पडताळली. तीन चुकीची निघाली. मग फळीवरचा गठ्ठा काढला, सुतळी सोडली. त्याच पाच गोष्टी तिथे बिनचूक होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

परीक्षेला महिनाच उरला होता. ती त्या बारीक अक्षरातून वाचत राहिली, कधी वाचता वाचता पानावरच डोकं टेकून झोपली. पास झाली ती काठावर, पण झाली. लाल पुस्तक तिनं रद्दीत दिलं नाही, आणखी कुणाच्या हाती पडेल म्हणून चुलीत घातलं.

पुढच्या वर्षी शेजारच्या गावची मदतनीस मुलगी दोन पुस्तकं घेऊन विचारायला आली, कुठलं ठेवू? सिस्टरनं पुस्तकांकडे पाहिलंही नाही. "तुला झोपेतसुद्धा चुकणार नाही असं काय येतं?"

"नाळ बांधणं."

"मग दोन्हींत आधी ते पान काढ."

मुलीनं दोन्ही पानं वाचली आणि एक पुस्तक तिथेच मिटलं.

तात्पर्य एवढंच: पुस्तक घेताना आपल्याला पक्कं ठाऊक असलेलं पान आधी उघडावं, रंग आणि किंमत मागाहून बघावी, आणि कितीही दमलो तरी एवढं एक पान वाचायचा कंटाळा करू नये, कारण त्या कंटाळ्याची किंमत दुसऱ्याचं लेकरू मोजतं.