फुटक्या भोपळ्यांची सांगड

केवलनाथ महाराज तेव्हा नदीकाठच्या भोईगव्हाणात मारुतीच्या देवळात उतरले होते. गिरजा भोईण रोज पहाटे देवळाचं अंगण सारवायची, पाणी मात्र लांबच्या विहिरीवरून आणायची. वाळक्या भोपळ्यांच्या सांगडीवरून माणसं पैलतीरी पोचवणारी ही बाई. पण नवरा पुरात गेला, त्या दिवसापासून तिनं नदीकडे पाठ फिरवली होती.

पुराण सांगणारे त्र्यंबकशास्त्री तिला हसत. "भोईण आणि पाण्याला भिते! अगं, मारुतीनं समुद्र ओलांडला, तुला ओढा ओलांडवेना?"

गिरजा मान खाली घाली. महाराज हे रोज ऐकत.

श्रावणातल्या सोमवारी शास्त्रीबुवा नदीपात्रातल्या महादेवाला अभिषेक करायला गेले. स्वतःच्याच आवाजात इतके रंगले, की पाणी पायरीला लागलं तरी उठेनात. वर कुठंतरी पाऊस झालेला. बघता बघता देवळाला वेढा पडला आणि बुवा कळसाला मिठी मारून ओरडू लागले.

काठावर सगळा गाव जमला, महाराजही आले. सल्ले पुष्कळ होते, पाण्यात मात्र कुणी उतरेना. कुणीतरी गिरजेच्या घरचे भोपळे आणून तिच्यापुढं टाकले. ती पाण्याकडे पाठ करून बसली.

"न्हाई हो महाराज! ह्याच पाण्यानं माझा धनी नेला."

महाराज तिच्याशेजारी बसले. 'भिऊ नकोस' एवढंही म्हणाले नाहीत.

"बाई, पाटलांच्या सुनेसाठी पुरातनं सुईण कुणी आणली गं?"

"म्या."

"कशी?"

"धार तिरकी कापली, वडाच्या खालच्या अंगानं." तिचे हात आपोआप दोरीकडे गेले.

"आणि ती वरातीतली म्हातारी?"

"तीबी म्याच. लई वरडली, बया!" गिरजा हसली आणि गाठ आवळली.

बोलता बोलता सांगड बांधून झाली! जांबवंतानं तरी दुसरं काय केलं होतं? बळ विसरलेल्या मारुतीला मारुतीचीच गोष्ट सांगितली.

गिरजेनं सांगड धारेत लोटली आणि बुवांना सुखरूप काठाला लावलं. एकच जयजयकार झाला! सांगड उलटी केली, तर दोन भोपळे तळाशी फुटलेले, पाण्यानं गच्च भरलेले. मग ही तरली कशी? तेवढ्यात लोकांचं लक्ष गेलं. जागेवरून न हललेल्या महाराजांची कफनी चिंब भिजलेली, आणि खांद्यावर दोरीचा ताजा वळ!

शास्त्रीबुवा पाया पडायला धावले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि गिरजेकडे बोट दाखवलं.

काठावरची हकीकत लोकांकडून कळताच बुवा तिच्यापुढं वाकले. "माय, तीस वर्षं जांबवंत सांगतोय मी. ऐकला मात्र आज."

"उठा बुवा," गिरजा म्हणाली, "आधी धोतर पिळा."

दुसऱ्या पहाटे तिनं अंगण सारवलं. पाणी नदीचं होतं.