दोन्ही वर्तुळांतल्या पाचजणी

सोनगडच्या राजवाड्यात नवरात्रात मुलींचे खेळ होत. गाणाऱ्या मुलीला एक लाडू आणि रांगोळी काढणारीला एक लाडू, अशी रीत होती. यंदा वीस मुली गायल्या, पंधराजणींनी रांगोळी काढली आणि पस्तीस लाडू वाटले गेले.

कारभारी मामासाहेबांनी मुली मोजल्या, तर तीसच भरल्या. ते गरजले, "महाराज, पाच लाडू या येसूबाईने लांबवले. हिला आजच वाड्याबाहेर काढा!"

जन्मभर तिथे रांधणारी म्हातारी येसूबाई नुसती रडू लागली.

तेव्हा दरबारात कधीही न बोलणाऱ्या धाकट्या सूनबाई उठल्या. त्यांनी अंगणात रांगोळीची दोन वर्तुळे काढली, एकमेकांत थोडी शिरलेली. "गाणाऱ्यांनी या वर्तुळात या, रांगोळीवाल्यांनी त्या."

मुली धावल्या. पाचजणी मात्र गोंधळून म्हणाल्या, "वहिनीसाहेब, आम्ही दोन्ही केलं!"

"मग दोन्ही वर्तुळांच्या सामाईक जागेत उभ्या राहा, बाळांनो. तुमचे लाडू दोन-दोन."

"एकीला दोन? असं कुठं असतं?" मामासाहेब फणकारले.

सूनबाई हळूच म्हणाल्या, "मामासाहेब, एक शेला तुम्हाला कारभारी म्हणून मिळाला, दुसरा राणीसाहेबांचे भाऊ म्हणून. शेले दोन गेले आणि मामा एकच दिसतो. मग एक शेला चोरीला गेला म्हणायचं का?"

महाराज खदखदून हसले. मामासाहेबांनी मान खाली घातली. येसूबाईने सूनबाईंच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडली.